सब्र पॅकेजमध्ये समाविष्ट

मक्केतलं प्रत्येक बजेट हॉटेल हरमपासून, म्हणजे काबा असलेल्या मशिदीपासून, पाचशे मीटरवर असतं. उमऱ्याचं कुठलंही पत्रक उचला, भेंडीबाजारातलं असो की मालेगावातलं, आकडा तोच. टूरवाला फारच प्रामाणिक असला तर सहाशे छापतो. आणि जे हॉटेल खरोखर तीन-चार किलोमीटरवर आहे त्याच्यापुढे मीटर छापतच नाहीत, तिथे ‘फ्री शटल’ छापतात. एवढी सगळी हॉटेलं पाचशे मीटरच्या आत मावायची तर एकाच्या गच्चीवर दुसरं बांधावं लागेल.

बरं, हे पाचशे मीटर कुठून कुठपर्यंत? हॉटेलच्या दारापासून हरमच्या बाहेरच्या पटांगणातल्या पहिल्या फरशीपर्यंत. तेही कावळ्याने उडत जावं तसं, सरळ रेषेत. त्यानंतर पटांगण, मग दरवाजा, मग आतलं चालणं, मग काबा. गर्दीच्या दिवसांत तर जवळचा दरवाजा बंद करून पोलीस ‘यल्ला हाजी, यल्ला’ करत पुढच्या दरवाजाकडे पिटाळतात, आणि पुढचा दरवाजा म्हणजे दादर पूर्वेवरून पश्चिमेला जाण्याइतकं सोपं प्रकरण नसतं. हे सगळं पाचशे मीटरांत धरत नाहीत. ते सवाबात, म्हणजे पुण्याच्या खात्यात, धरतात.

मीटर कमी पडले की मिनिटं पुढे येतात. ‘हरम फक्त सात मिनिटं.’ कुणाची सात मिनिटं, हे विचारायचं नसतं. ती टूरवाल्याच्या पंचविशीतल्या पुतण्याची असतात. तो रिकाम्या हाताने, रात्री दोन वाजता, मोबाईलवर बोलत एकदा चालून आलेला असतो. गिऱ्हाईक मात्र अडुसष्ट वर्षांचं असतं. त्याच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतं आणि दुसऱ्याचं ‘उमरा करून आल्यावर बघू’ म्हणून राहिलेलं असतं.

आता जरा हिशेब. समजा हॉटेल खरं आठशे मीटरवर आहे. पाच वेळची नमाज म्हणजे जाऊन-येऊन दहा फेऱ्या, रोजचे आठ किलोमीटर. संध्याकाळी मगरीबला गेलेला माणूस रात्रीची इशा होईपर्यंत तिथेच बसला तर जवळपास साडेसहा. यात काब्याभोवतीचा तवाफ नाही. यात सफा-मरवामधल्या फेऱ्यांची सई नाही. सफा ते मरवा हे अंतर साधारण साडेचारशे मीटर आणि फेऱ्या सात, म्हणजे तीन किलोमीटर तिथेच संपतात. आमच्याकडे रेशनच्या दुकानापर्यंत रिक्षाने जाणारी माणसं मक्केत जाऊन रोज दहा-दहा किलोमीटर चालतात आणि वर म्हणतात, अल्लाहने ताकद दिली. दिली असेलच. पण ताकद देणारा एक आणि अंतर वाढवणारा दुसरा, हे कुणी बोलत नाही.

शिवाय पत्रकातली मक्का सपाट असते. खरी मक्का डोंगरांच्या मधल्या खोलगट जागेत आहे आणि हरम त्याच्या तळाला. अजयाद भागातलं एखादं स्वस्त हॉटेल घ्या. जाताना उतार, म्हणून पहिल्या दिवशी सगळे खूष. येताना चढ, डोक्यावर पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि पिशवीत झमझमच्या भरलेल्या बाटल्या. दुसऱ्या दिवसापासून माणूस दुपारची जोहर खोलीतच पढायला लागतो. पाचशे मीटरचे पैसे भरलेले असतात ते पहाटेच्या फजर आणि रात्रीच्या इशापुरते वसूल होतात.

पत्त्याची गंमत तर वेगळीच. ‘इब्राहीम खलील रोड’ असा भारदस्त पत्ता दिलेला असतो. हा रस्ता हरमच्या अंगणातून निघतो हे खरं, पण मग मिसफला नावाच्या वस्तीतून दक्षिणेला जातच राहतो. ‘हॉटेल इब्राहीम खलील रोडवर आहे’ हे ‘आमचं घर एलबीएस रोडवर आहे’ म्हणण्यासारखं झालं. सायन की मुलुंड, ते घरी आल्यावर कळेल. अनुभवी माणसं म्हणून कबूतर चौक विचारतात. मिसफल्याच्या अलीकडे जिथे कबुतरांचे थवे बसतात त्या जागेला आपल्या बाजूच्या यात्रेकरूंनी ठेवलेलं हे नाव. हॉटेल कबूतर चौकाच्या अलीकडे की पलीकडे, या एका प्रश्नाला टूरवाला ज्या वेगाने उत्तर देतो त्यावरून त्याचा इमान मोजता येतो. लगेच ‘अलीकडे’ म्हणाला तर पुन्हा विचारा.

आणि ते खिडकीतून दिसणारं घड्याळ! ‘रूममधून क्लॉक टॉवर दिसतो’ हे वाक्य मी एका पत्रकावर ठळक अक्षरांत वाचलं. हरमला लागूनचा तो मनोरा ६०१ मीटर उंच आहे. अजयादचा जुना तुर्की किल्ला २००२ मध्ये पाडून त्या जागी उभा केलेला. मक्केत राहून तो न दिसण्याची सोय करायची असेल तर त्याचे वेगळे पैसे पडतील. घड्याळ दिसतं म्हणून हरम जवळ आहे असं समजणारा भला माणूस खिडकीत उभा राहतो, डोळे भरून घड्याळ पाहतो आणि मग शटल किती वाजता आहे ते विचारायला खाली जातो.

शटल चोवीस तास असते. यात एक अक्षर खोटं नाही. बस चोवीस तास असते, रस्ता चोवीस तास नसतो. नमाजची वेळ झाली की हरमभोवतीचे रस्ते गाड्यांसाठी बंद होतात, आणि शटल लागते ती नेमकी नमाजच्याच वेळी. मग अर्ध्या वाटेवर उतरा आणि चाला. शुक्रवारी तर जुम्याला जायचं म्हणून सकाळी नऊला निघणारे शहाणे आणि साडेअकराला निघणारे आशावादी. नमाज संपल्यावर सगळा गाव एकदम परत निघतो आणि बसच्या दारात ज्यांच्या कोपरात जोर आहे ते आत असतात. दुपारच्या तकरीरीत शेजाऱ्याच्या हक्कावर ऐकलेलं तोवर ओसरलेलं असतं.

हजला गेलेल्यांना हे सगळं अजीझिया नावाच्या लांबच्या वस्तीमुळे पाठ आहे. हज कमिटीने बरीच वर्षं दोन वर्ग ठेवले होते. हरमजवळचा महाग तो ग्रीन आणि बसने येण्याजाण्याचा स्वस्त तो अजीझिया. ग्रीनमध्ये स्वयंपाकाला बंदी, अजीझियात गॅस. म्हणजे ज्याला चूल नाही तो ऐपतदार आणि ज्याला चूल आहे तो गरीब, असं मुंबईतही न दिसलेलं अर्थशास्त्र तिथे होतं. आमची कोकणी माणसं मनापासून अजीझिया घ्यायची. अंतर चालेल, पण चाळीस दिवस दुसऱ्याच्या हातचा भात कोण खाणार? सुक्या बोंबलाची पुडी बॅगेत कपड्यांच्या तीन थरांखाली असायची. एक सांगतो, अजीझिया मक्केच्या पवित्र हद्दीतच येतं आणि हरमच्या नमाजचं एकाला लाख हे पुण्य अख्ख्या हद्दीत मिळतं असं सांगणारे आलिम पुष्कळ आहेत. पण हे टूरवाला आधी सांगत नाही. तुम्ही तिथे पोचून तक्रार केलीत की सांगतो.

जाता जाता, ‘सरकारी पैशाने हजला जाता’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांसाठी: सबसिडी २०१८ मध्ये गेली. होती तेव्हाही ती विमानाच्या भाड्यावर होती. खोलीचं भाडं हाजी तेव्हाही स्वतःच भरत होता आणि बोंबीलही स्वतःचेच नेत होता.

खोलीत येऊ. बजेट पॅकेज म्हणजे शेअरिंग. एका खोलीत चार, पाच, कधी सहा. पुरुष पुरुषांत, बायका बायकांत. लग्नाला चाळीस वर्षं झालेलं जोडपं, पोरांनी पैसे जमवून एकत्र पाठवलेलं, जेद्दाहला उतरल्यावर वेगळं होतं. तो चौथ्या मजल्यावर तिघा अनोळखी घोरणाऱ्यांबरोबर, ती सातव्यावर. भेट नाश्त्याला. त्यानंतर दिवसभर फोन. ‘कुठे आहेस?’ ‘गेट नंबर एकोणऐंशी.’ ‘मी एकला आहे.’ ‘तिथेच थांब.’ ती थांबते. तो येतो तोवर पोलिसाने तिला पुढे पाठवलेलं असतं. चाळीस वर्षांत या दोघांनी एकमेकांना इतकं शोधलेलं नसतं.

पाच माणसं आणि न्हाणीघर एक. पहाटेआधी तहज्जुदला उठायचं, वजू करायचा. प्रत्येकी बारा मिनिटं धरली तरी शेवटचा माणूस बाहेर येतो एक तासाने. म्हणून चौथ्या दिवसापर्यंत प्रत्येक खोलीत एक चाचा असा तयार होतो जो रात्री दीड वाजताच उठून आत जातो. बाकीचे त्याला मनातल्या मनात जे म्हणतात ते त्या पवित्र शहरात उघड म्हणता येत नाही.

आणि लिफ्ट. पंधरा मजले, लिफ्ट तीन, त्यातली एक ‘मेंटेनन्स’. अजान झाली की वरून सगळे खाली, नमाज झाली की खालून सगळे वर. पंचतारांकितवाल्यांचीही यातून सुटका नाही, तेही काचेच्या चकचकीत लॉबीत तसेच रांगेत तिष्ठत असतात. फक्त त्यांची रांग सुगंधी असते. स्वस्तातल्या माणसाने एवढंच पाहावं की खोली चौथ्या मजल्याच्या खाली आहे का. जिन्याने चढता आलं तर दिवसाचा पाऊण तास वाचतो. ताऱ्यांपेक्षा मजला मोलाचा. पण मजला कुठल्या पत्रकात छापलेला पाहिलाय? छापतात ते झुंबर. लॉबीचं. ज्या लॉबीत कुणी झोपत नाही.

पॅकेजचा दुसरा मुक्काम मदिनेचा. तिथे जमीन सपाट, हवा बरी, हॉटेलं पैगंबरांच्या मशिदीभोवती आखीवरेखीव. इथे फसवणूक जरा नाजूक असते. मशिदीचा किबला दक्षिणेला, हिरवा घुमट दक्षिण-पूर्वेच्या कोपऱ्यावर. म्हणून दक्षिणेकडची खोली ‘घुमट दिसतो’ म्हणून चढ्या भावाने जाते. पण बायकांच्या नमाजच्या जागा मागच्या, उत्तरेच्या बाजूला. ‘मशिदीपासून फक्त दोनशे मीटर’ हे वचन घरातल्या पुरुषाला तंतोतंत लागू पडतं. बायकोने, आईने आणि सासूने मात्र अख्ख्या आवाराला वळसा घालायचा, दिवसातून पाच वेळा, जाऊन-येऊन. पत्रक पुरुषांनी लिहिलं, पैसे पुरुषांनी भरले, अंतर पुरुषाच्या दरवाजापासून मोजलं. उत्तरेच्या बाजूचं साधं हॉटेल कधीकधी स्वस्तही पडतं आणि आईच्या पायालाही. पण तिथून घुमट दिसत नाही, मग स्टेटसला काय ठेवणार?

दिवसांचंही तसंच. आपल्याला सगळं घाऊक लागतं. पंधरा दिवसांच्या शेजारी त्याच पैशात एकवीस दिवस दिसले की एकवीस. ते सहा जादा दिवस हॉटेल लांब नेऊन काढलेले असतात, हे बॅगा उतरवल्यावर कळतं. माझं साधं मत असं की घरात म्हातारं माणूस असेल तर दिवस कमी करा आणि जवळ राहा. दहा दिवस जवळ राहून जेवढ्या नमाजी हरममध्ये होतील तेवढ्या एकवीस दिवस लांब राहून होत नाहीत. तरुण असाल, पाय धड असतील, तर लांबच राहा आणि उरलेल्या पैशात आईला घेऊन जा. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत स्वस्त हॉटेल शोधू नका, त्या दिवसांत स्वस्त असं काही नसतं. फक्त लांबचं महाग आणि जवळचं अशक्य, एवढे दोनच दर.

खरा फुकट मुक्काम मिळतो तो आमच्या मराठवाड्यातल्या भावांना. निजामाच्या काळात हैदराबाद संस्थानातल्या हाजींसाठी मक्केत रुबात उभारली गेली, बिनभाड्याची धर्मशाळाच. भोपाळ, अर्काट, टोंक अशा संस्थानांच्याही रुबाती होत्या. संस्थान गेलं तरी हैदराबादची सोय चालत राहिली. तेलंगण, कर्नाटकातले काही जिल्हे आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीडकडचे हाजी तिच्या सोडतीत बसतात. ही सोडत, म्हणजे कुर्रा, हैदराबादेत निघते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामापासून मुक्त झाला, दरवर्षी झेंडावंदन होतं, भाषणं होतात. मक्केतला मुक्काम मात्र अजून निजामाकडेच. आमच्या कोकणावर निजामाचं राज्य कधी नव्हतं याची हळहळ वाटणारा रत्नागिरी जिल्ह्याच्या इतिहासात मी बहुधा पहिलाच.

यात्रेकरूला नाडणं हा धंदा काही आजचा नाही. जहाजांच्या काळात मुंबईचे दलाल हाजींना इतके लुटत आणि बोटींवर माणसं इतकी कोंबत की १८८६ मध्ये इंग्रज सरकारने हजच्या प्रवासाचं काम थेट थॉमस कुक कंपनीकडे सोपवलं. जगभर साहेबांना फिरवणारी ती कंपनीही काही वर्षांत तोटा सोसून बाजूला झाली. दलाल टिकले. त्यांचे वंशज आता व्हॉट्सॲपवर आहेत.

ते टिकतात कसे, याचं उत्तर कुठल्या ग्राहक मंचात सापडणार नाही. जगातला हा एकमेव धंदा असेल ज्यात गिऱ्हाईक फसलं तर स्वतःलाच समजावतं. हजच्या काळात भांडणतंटा करू नये असा कुराणातच आदेश आहे. टूरवाल्याला कुराणातलं दुसरं काही पाठ नसलं तरी हे पाठ असतं. एसी बंद आहे? सब्र, चाचा. चादर बदलली नाही? इथे आलात हेच नशीब समजा. दोनशे मीटर सांगून अठराशे निघाले? हाजीसाब, एकेका पावलाला नेकी आहे, मी तुमच्या नेक्या वाढवल्या. आणि हाजीसाब खरंच गप्प बसतात. परत आल्यावर गळ्यात हार, घरी खजूर-झमझम आणि तोंडी एकच वाक्य, ‘भरून पावलो, अल्लाहने सगळ्यांना न्यावं.’ हॉटेल कसं होतं? ‘हॉटेलात कोण राहायला गेलं होतं?’ संपलं. पुढच्या वर्षी गल्लीतली आणखी बारा माणसं त्याच टूरवाल्याकडे, त्याच अठराशे मीटरवर.

आता टूरवाल्याला पाठ नसलेलं कुराण. मापात मारणाऱ्यांवर त्यात अख्खी सूरा आहे. त्र्याऐंशीवी, अल्-मुतफ्फिफीन. घेताना भरून घेणारे आणि देताना कमी मोजून देणारे, त्यांच्यासाठी. तागडी फक्त धान्याची असते असं काही त्यात म्हटलेलं नाही. मीटरही मापच आहे. आणि भांडू नये ते एहराम बांधल्यावर. महंमद अली रोडवरच्या ऑफिसात पावती फाडताना कुणीही एहराम बांधलेला नसतो.

हे माझ्या खालाला बरोबर कळलंय. खाला खेडकडच्या जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेली. एका टूरवाल्याकडे मी तिच्याबरोबर गेलो होतो, म्हणजे बॅग धरायला.

‘हॉटेलचं नाव सांग, बेटा.’

‘खाला, थ्री स्टार आहे, एकदम टॉप.’

‘तारे मी गच्चीवरून बघते. नाव सांग.’

त्याने नाव सांगितलं. तिने भाच्याला, म्हणजे मला, नकाशा उघडायला लावला आणि हॉटेलच्या दारापासून दरवाजापर्यंतचा चालायचा रस्ता काढायला सांगितला. पाचशेचे तेराशे झाले. टूरवाला म्हणाला, नेटवर चुकीचं दाखवतात. खाला म्हणाली, असेल, मग तुझ्या माणसाला आत्ता हॉटेलच्या दारातून व्हिडिओ कॉल लावायला सांग आणि हरमपर्यंत चालायला सांग, मी बसते. त्याने चहा मागवला. ती चहा प्यायली आणि बसूनच राहिली. लिफ्ट किती? मजला कुठला? खोलीत माणसं किती, लेखी दे. जुम्याला शटल कुठे सोडते? मदिनेत उत्तर बाजू की दक्षिण? प्रत्येक उत्तर ती वहीत लिहून घेत होती आणि त्यापुढे वेळ टाकत होती.

मग तिने विचारलं, ‘तुझी अम्मी गेली होती उमऱ्याला?’

‘हो खाला, गेल्याच साली. अल्हम्दुलिल्लाह.’

‘कुठे उतरवलंस तिला?’

तो टेबलावरचं पत्रक नीट लावू लागला. म्हणाला, ‘अम्मी क्लॉक टॉवरला. तिचं वेगळं आहे खाला, तिला गुडघ्यांचा त्रास आहे.’

खालाने काही न बोलता खुर्ची मागे सरकवली, टेबलाला धरून, दोनदा प्रयत्न करून उभी राहिली आणि पुन्हा बसली. त्याने दुसरं पत्रक काढलं. हे हॉटेल कबूतर चौकाच्या अलीकडे होतं, मजला तिसरा, खोलीत चौघी. तिने ते दोनदा वाचलं. हॉटेलच्या नावापुढे बारीक अक्षरांत ‘किंवा सिमिलर’ छापलं होतं. तिने पर्समधून लाल पेन काढलं, ते दोन शब्द खोडले आणि बाजूला सही करायला लावली. त्याने सही केली, आणि पेन हातात होतंच म्हणून खालच्या आकड्यात चार हजार वाढवले.